देवराम मास्टरांचा हात

देवराम मास्टरांना ऐकू कमी येतं हे मला त्यांच्या तिसऱ्या खेपेला कळलं. तोवर मी त्यांना आढ्यताखोर समजत होते. काउंटरवरून नाव पुकारावं तर हा माणूस ढिम्म. उजवा तळहात स्टीलच्या बाकावर पालथा ठेवून बसलेला, आणि शेजारी त्यांची नऊ वर्षांची नात तोंड उघडं टाकून घोरत झोपलेली. दुपारचे चार वाजलेले, आत कुणाचं तरी पोर रडतंय, ड्रिल चालू आहे, आणि ही पोरगी बाकावर गाढ. दोनदा पुकारून झाल्यावर मी काउंटर सोडून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं, थांब म्हणून. आणि मी थांबले. का थांबले ते अजून माझं मला कळलेलं नाही.

"थांबी गई," ते म्हणाले.

मी पोरीकडे पाहिलं. ती खरंच गप झाली होती. मग एकदम दचकली, घशातून खर्रकन श्वास ओढला आणि पुन्हा घोरू लागली. मास्टरांनी बोट खाली घेतलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. "चालू झाली. हां, बोल माय, काय म्हणतेस?"

मी सुरतेत पर्वत पाटियाला दातांच्या दवाखान्यात काम करते. साड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आहे आमचा दवाखाना. डॉक्टर मॅडम गुजराती आहेत, वाकडे दात आणि जबडे सरळ करतात. मी मूळची वाशीमकडची. डिंडोलीकडून मराठी माणसं येतात, त्यांचं बोलणं मॅडमना आणि मॅडमचं त्यांना पोचवायचं हे माझं अर्धं काम. मास्टर चिडले किंवा हळवे झाले की सरळ अहिराणीत शिरायचे. तेव्हा मी अर्धं समजून पूर्ण समजल्यासारखं तोंड करायची.

मास्टर म्हणजे पॉवरलूमचा मास्टर. लूम बिघडली की पाना घेऊन तिच्या पोटात शिरणारा माणूस. अमळनेरकडच्या एका खेड्यातून विशीत सुरतेला आले आणि चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात राहिले. त्यात कान गेले. त्याचं त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. लूम कानानं ऐकायची नसतेच, असं ते म्हणत. शंभर मशीन एकदम चालू असताना कान काय सांगणार? फ्रेमवर तळहात ठेवायचा, म्हणजे कुठला भाग कुथतोय ते कळतं. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचं एकच ठरलेलं वाक्य असे, "आधी हात ठेवीसन देख." हात ठेवून बघ, मग बोल.

आणि ते खरोखर सगळ्यावर हात ठेवायचे. काउंटरवर, पाण्याच्या कूलरवर, माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर. एकदा लिफ्टमधून बाहेर आले आणि मला म्हणाले, "हिला बेरिंग बदलायला सांग, ही दगा देणार." मी हसले. चौथ्या दिवशी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत मॅडम होत्या. त्यानंतर मॅडम मास्टरांशी जरा अदबीनं बोलू लागल्या. मास्टरांना मात्र या अदबीचं कारण कळलं नसावं, कारण त्यांनी मला विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना.

नातीचं नाव खुशी. तिच्या घोरण्याचा घरात सगळ्यांना अभिमानच होता म्हणा ना. पोरगी कशी ढाराढूर झोपते, असं तिचा बाप कौतुकानं सांगायचा. शाळेत ती वर्गात पेंगायची, चिडचिड करायची, बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवली होती. ते झालं आळशीपणाच्या खात्यात. तिचा श्वास मधेमधे बंद पडतो हे घरातल्या चांगल्या कानांच्या चार माणसांना कळलं नाही. कळलं ते या बहिऱ्या आजोबांना. शाळेतून आल्यावर ती त्यांच्या लोखंडी खाटेवर झोपायची. खाटेच्या दांडीवर त्यांचा हात असायचा. दांडी थरथरत असायची, मग थरथर थांबायची, आणि मग खाट गचका खायची. "मशीन खडखड करतंय तोवर भीती नसते," त्यांनी मला सांगितलं. "एकदम गप झालं का समजायचं, आत काहीतरी तुटलं."

आधी त्यांनी कानानाकघशाचा डॉक्टर केला. टॉन्सिल काढले. थोडा फरक पडला, पण खाटेचे गचके पुरते थांबले नाहीत. मग अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. मॅडमनी खुशीच्या तोंडात दिवा धरून मला टाळू दाखवला. अरुंद आणि उंच, जणू बोगदा. टाळू हा नाकाचा तळमजला, मॅडम म्हणाल्या. तो रुंद केला तर वर नाकातली वाट रुंद होते. वय लहान आहे, हाडाचा सांधा अजून कच्चा आहे, आता होईल, उशीर केला तर होणार नाही. किती फरक पडेल हे मात्र आधी सांगता येत नाही. यातलं शेवटचं वाक्य मी मास्टरांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन दोनदा ओरडले. तेच पोचवणं सगळ्यात अवघड असतं.

त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे त्यांच्या घरची कुठलीच गोष्ट गुप्त राहिली नाही. फॉर्म भरताना एक प्रश्न असतो, मूल झोपेत अंथरूण ओलं करतं का. मी तो ओरडून विचारला आणि अख्खा दवाखाना खुशीकडे वळला. पोरीनं मान खाली घातली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मास्टरांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा बाकावरच्या लोकांकडे, आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ती करते. मी पण करायचो, बारा वर्षांचा होईपर्यंत. लिही, माझं पण लिही." मी खरंच लिहिलं. मॅडमनी नंतर विचारलं, हे आजोबांचं काय लिहिलंय.

टाळूला बसवायचं यंत्र आलं. दाढांना चार कड्या आणि मधोमध बारीक स्क्रू. रोज एकदा स्क्रूच्या भोकात तारेसारखी चावी घालायची आणि घशाच्या दिशेनं ढकलायची. पुढे नवं भोक दिसलं की त्या दिवसाचं काम संपलं. दोनेक आठवड्यांत पुढच्या दोन दातांच्या मध्ये फट पडते. ती फट म्हणजे टाळू उघडल्याची खूण. नंतर ती आपोआप मिटते, घाबरायचं नाही. हे सगळं मी समजावलं. घरी चावी कोण फिरवणार, असं विचारलं. खुशीची आई संगीता घरी बसून साड्यांवर खडे लावते, तिची बोटं बारीक कामाला सरावलेली. ती पुढे झाली. मास्टरांनी तिला हातानंच मागे सारलं. स्क्रूची गोष्ट आणि मास्टर समोर असताना दुसरं कोण?

चावी हातात घेऊन ते हसले. "एवढीशी?" मग गंभीर झाले. आधी तळहात नातीच्या डोक्यावर ठेवला, मग चावी घातली आणि अशी अलगद ढकलली की मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नवं भोक दिसलं. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते म्हणून चावी मीच पटकन काढून घेतली. काढताना चावी ओठांकडे ओढायची नाही, ओढली तर स्क्रू उलटा फिरतो, हे सांगायचं असतं. मी ते सांगितलं होतं का? मला आठवत नाही. कितीदा आठवून पाहिलं, कधी वाटतं सांगितलं, कधी वाटतं नाही.

चावी हरवू नये म्हणून मास्टरांनी ती करदोट्याला बांधली. पुढच्या आठवड्यात तपासणीला आले तेव्हा चावी दाखवा म्हटल्यावर भर बाकावर सदरा वर करून त्यांनी ती सोडली. मी त्यांना फैलावर घेतलं, ही वस्तू पोरीच्या तोंडात जाते म्हणून. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, किंवा घेतलं नाही. पुढच्या वेळी चावी स्वच्छ डबीत होती आणि डबी करदोट्याला होती.

पहिल्या आठवड्यात स्क्रू जेमतेम उघडला होता. मॅडम म्हणाल्या, एखाद दिवस राहिला असेल. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मला म्हणाल्या, "हे लोक फिरवतच नाहीयेत. विचार त्यांना."

मी विचारलं. मास्टरांनी सुनेला खूण केली. संगीतानं मोबाइलमधला फोटो दाखवला. घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर खडूच्या रेघा होत्या, लूमच्या फ्रेमवर मारतात तशा, पाच-पाचचे जुडगे केलेल्या. एकवीस दिवस आणि एकवीस रेघा. स्क्रू म्हणत होता की कुणी हात लावला नाही, आणि कपाट म्हणत होतं की एक दिवस चुकला नाही. मॅडमनी स्वतःची चावी घालून पाहिली, स्क्रू लोण्यासारखा फिरला. यंत्रात काही दोष नव्हता. मग खोटं कोण बोलतंय?

माणसाला काही उमगलं नाही की तो घरातल्या सगळ्यात गरीब माणसाकडे बघतो. सगळे संगीताकडे बघू लागले. मॅडमनी विचारलं, पोरीला दुखतं म्हणून तू मागून सैल करतेस का. संगीताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं नाही म्हटलं, पण इतकं हळू की मलाच ते मोठ्यानं सांगावं लागलं. मास्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काय बोलतेय ते कळल्यावर एकदम तडकले.

"मन्ही सून असं नही करस," ते म्हणाले. "चावी माझ्या कमरेला असते. ती हात कसा लावेल?"

हे तर आणखीनच अवघड झालं. मॅडमनी सरळ सांगून टाकलं की अजून दोन आठवडे बघू, नाहीतर यंत्र काढून टाकू. मग पोरीला झोपताना तोंडावर मास्क लावायचं मशीन, आणि पुढचं पुढे. खुशी खुर्चीतच पेंगायला लागली होती. मास्टरांनी तिला उचलून बाकावर नेलं. तिच्याशेजारी बसले आणि हात बाकावर ठेवला. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मनात येऊन गेलं की म्हाताराच फिरवायला विसरतो आणि नुसत्या रेघा मारतो. तसं मनात आल्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या खेपेला मॅडम अजून यायच्या होत्या. माझ्या फायलींच्या कपाटाच्या दाराची बिजागरी महिनाभर लोंबत होती. मास्टरांना ते पाहवलं नाही. खिशातून पेचकस काढला, दारावर हात ठेवला आणि स्क्रू आवळायला घेतले. मी शेजारी उभी. त्यांनी पहिला स्क्रू गच्च पिळला आणि शेवटी हात किंचित उलटा फिरवला. दुसरा पिळला, पुन्हा शेवटी उलटा. तिसऱ्याला मी वाकून त्यांचं मनगट पाहू लागले.

"मास्टर," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "शेवटी मागे का फिरवता?"

"मागे? कोण?"

"तुम्ही. आता."

ते माझ्याकडे असे बघू लागले की जणू माझाच काहीतरी घोटाळा झाला असावा. चौथा स्क्रू त्यांनी मुद्दाम सावकाश आवळला, माझ्याकडे बघत, आणि तरी शेवटी हात पाव आटा मागे गेलाच. मी बोट दाखवलं. त्यांना दिसलंच नाही. ते म्हणाले, "आवळला ना, पक्का आवळला."

तेवढ्यात मॅडम आल्या. मी धावत आतून प्लास्टरचा जबडा आणला, शिकवण्यासाठी ठेवलेला, यंत्र बसवलेला. मास्टरांना म्हटलं, रोज करता तसं करा. त्यांनी चावी ढकलली, नवं भोक आलं. मग चावी काढताना मनगट अलगद उलटं आलं आणि भोक जिथल्या तिथे परत गेलं. मास्टरांनी जबडा उजेडाकडे धरून भोक शोधलं. पुन्हा केलं. भोक पुन्हा परत गेलं. मग त्यांनी जबडा टेबलावर ठेवला आणि आपला हात उलटसुलट करून बघत राहिले.

हात खाली घेऊन त्यांनी सांगितलं. लूमचा नट कधी गच्च ठेवायचा नसतो. थरथरीत गच्च नटाचा आटा तुटतो. आवळायचा आणि केसभर सैल सोडायचा, हे त्यांना त्यांच्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं. चाळीस वर्षं हाताला तेच माहीत. डोक्याला विचारायची वेळच आली नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण इतका वेळ गप्प बसलेली खुशी मधेच बोलली. ती घराबाहेर गुजरातीच बोलते. "आबा रोज एम ज करे छे. पहेलां आगळ फेरवे, पछी थोडुं पाछुं. पछी दुखतुं नथी." आबा रोज असंच करतात, पुढे फिरवतात, मग थोडं मागे. मग दुखत नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. तिला वाटायचं, करायची रीतच ती. पण पुढे फिरवल्यावर तिचा चेहरा आक्रसत असणार आणि मागे आणल्यावर सैल पडत असणार, आणि मास्टरांचा दुसरा हात तिच्या डोक्यावर असायचा. ज्या हाताला लिफ्टचं बेरिंग कळलं, त्याला हे कळलं नसेल? मी कानाशी जाऊन विचारलं, "मास्टर, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

त्यांना ऐकू गेलं होतं, एवढं मला नक्की सांगता येतं. ते म्हणाले, "माले समजत नही, माय." आणि पुन्हा हाताकडे बघू लागले. यातलं काय समजायचं ते मला त्या दिवशी कळलं नाही. आजही मी कधी एका बाजूनं विचार करते, कधी दुसऱ्या, आणि दोन्हीकडून पटतं.

करदोट्याची डबी त्यांनी तिथेच सोडली आणि संगीताच्या हातात दिली. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चूक माझी. हिला कुणी बोलू नका." मॅडमनी संगीताला नीट शिकवलं. या वेळी चावी कशी काढायची ते मी तीनदा सांगितलं आणि तिच्याकडून तीनदा करून घेतलं. ती करत असताना मास्टर भिंतीशी उभे होते. खुशीनं डोळे मिटले, कपाळाला आठी घातली, आणि मास्टरांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट घट्ट धरलं. संगीतानं नंतर सांगितलं की घरीही ते रोज तसेच उभे राहतात. बाहेर जा म्हटलं तर जात नाहीत.

दहाव्या दिवशी फट पडली. एवढं समजावूनही संगीता घाबरून रिक्षा करून आली. खुशीला मात्र फटीचा फार आनंद. त्यातून पाण्याची चिळकांडी कशी मारता येते ते तिनं मला करून दाखवलं, माझ्या रजिस्टरवर. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे फट पुढे मिटत गेली. पुढचे सहा महिने यंत्र नुसतं बसवलेलं होतं, हाड भरून यावं म्हणून. अधूनमधून ती दोघं येत, मास्टर कपाट बघत, कूलर बघत. स्क्रूला मात्र हात लावत नसत. एकदा मीच पेचकस पुढे केला तर म्हणाले, "नको, हात खोटा शे मन्हा." मी खूप समजावलं की तुमचा हात नसता तर हे पोरीचं दुखणं कुणालाच कळलं नसतं. त्यांना पटलं की नाही, देव जाणे.

यंत्र काढलं त्या दिवशी त्यांना शेवटचं पाहिलं. झोपेची तपासणी पुन्हा झाली होती. मॅडमनी सांगितलं की बराच फरक आहे, तरी वर्षभर लक्ष ठेवू. वर्गात आता पुढच्या बाकावर बसवतात, असं खुशीनं स्वतःहून सांगितलं. संगीता आत औषधं समजून घेत होती. बाहेर बाकावर खुशी आजोबांच्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती, परीक्षेचा अभ्यास करून दमली होती म्हणे. तोंड मिटलेलं. मास्टरांचा हात बाकावर, नेहमीसारखा. मी फाइल बंद करायला आले आणि त्यांचा चेहरा बघून घाबरले. इतका गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"काय झालं, मास्टर?"

ते सरकले आणि मला बसायला जागा केली. "हात ठेवीसन देख."

मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. पत्रा गार होता. बराच वेळ ठेवला. खाली साड्यांच्या दुकानातली गर्दी, आत ड्रिल, आणि पत्र्यावर काहीच नाही.

"काही कळतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी मान हलवली.

"माले बी नही," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी आपला गाल नातीच्या नाकापाशी नेला आणि तसेच राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या पांढऱ्या मिशीचे केस हलताना मला दिसले. पुन्हा हलले. पुन्हा हलले.